सतरा महिन्यांची उधारी

जून २००२. स्लाउहून पॅडिंग्टनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मी दाराशी उभी होते. पर्समध्ये डिस्कमन, कानांत इअरफोन. 'नेव्हरलँड' या श्रुतिकेची दुसरी तबकडी संपत आली होती. दीड वर्ष ज्याच्या मागे मी कानांनी फिरले, तो डॉक्टर शेवटच्या क्षणी उठला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. ते नाव डॉक्टर नव्हतं, झॅग्रियस होतं. आवाज पॉल मगॅन यांचाच, पण त्या आवाजातला माझ्या ओळखीचा माणूस निघून गेला होता. त्याच्यासमोर चार्ली पोलार्ड, एकटी. तबकडी फिरायची थांबली. पॅडिंग्टन आलं, डबा रिकामा झाला आणि मी तिथेच उभी राहिले.

पुढे काय झालं हे कळायला १७ महिने लागले. नोव्हेंबर २००३ मध्ये 'झॅग्रियस' आली, तीन तबकड्यांची, जवळपास चार तासांची. त्या चार तासांनी माझ्या तोंडाला पानं पुसली. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. माझा राग तसाच आहे, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं, कारण ती चूक आजही होते. आवाजावर जगणाऱ्या कथेचा दुसरा भाग काढणारे लोक आजही तेच करतात.

ज्यांना 'डॉक्टर हू' ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बीबीसीची ही विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि १९८९ च्या डिसेंबरात थांबली. डॉक्टर म्हणजे गॅलिफ्रे ग्रहावरचा, काळातून हिंडणारा एक भटक्या. मरायला टेकला की त्याचं रूप पालटतं, म्हणून नट पालटतात. १९९६ मध्ये मगॅन यांना घेऊन एक दूरचित्रपट झाला आणि ती वाट तिथेच संपली. १९९९ च्या जुलैपासून बिग फिनिश या कंपनीनं जुन्या नटांना घेऊन डॉक्टरच्या श्रुतिका सीडीवर काढायला सुरुवात केली. मगॅन त्यात जानेवारी २००१ मध्ये आले. पडद्यावर त्यांच्या वाट्याला तोवर एकच संध्याकाळ आली होती. त्यांचा डॉक्टर खऱ्या अर्थानं जन्मला तो कानांत. टीव्हीवर मालिका परतली ती मार्च २००५ मध्ये, म्हणजे त्या मधल्या वर्षांत डॉक्टर जिवंत होता तो मुख्यतः पुस्तकांत आणि या तबकड्यांत. तेव्हा 'श्रुतिका काय, एवढं मनाला लावून घेऊ नये' असं मला कुणी सांगू नये.

आणि सुरुवात किती नेमकी होती! 'स्टॉर्म वॉर्निंग' या पहिल्या श्रुतिकेत डॉक्टर आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर पोचतो. ते जहाज खरंच होतं. ऑक्टोबर १९३० मध्ये ते इंग्लंडहून कराचीकडे निघालं. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि या जहाजासाठी तिथे एक अवाढव्य शेड बांधून ठेवली होती.) ५ ऑक्टोबरच्या पहाटे ते फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं आणि पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. लेखक अ‍ॅलन बार्न्स यांनी या जहाजावर आणखी एक मुलगी चढवली: शार्लट पोलार्ड, सगळ्यांची चार्ली, मुलाचे कपडे घालून चोरून आत शिरलेली, जग बघायला निघालेली. ती त्या आगीत जळून मरायला हवी होती. डॉक्टर तिला वाचवतो.

एवढंच घडतं. पण पुढच्या सगळ्या श्रुतिकांच्या खाली ते ठसठसत राहतं. ही मुलगी जिवंत असायला नको. रॉबर्ट शिअरमन यांच्या 'द चाइम्स ऑफ मिडनाइट'मध्ये तर ही ठसठस असह्य होते. एका जुन्या इंग्रजी घराचं नोकरांचं दालन, नाताळची रात्र, एकामागून एक मरणारे आणि पुन्हा उठणारे नोकर, मध्यरात्रीच्या टोल्याबरोबर मागे फिरणारा तोच तो काळ. या सगळ्याचं मूळ चार्लीच्या मरण्या-न मरण्यात निघतं. ती श्रुतिका ऐकल्यावर मी रात्री स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून ठेवलं होतं.

'नेव्हरलँड'नं त्या गळवाला तोंड पाडलं. चार्ली जगली म्हणून काळाला चीर पडली. त्या चिरेतून काळाच्या उलटं असं काही, प्रतिकाळ म्हणू या, झिरपू लागलं. डॉक्टरच्या जातभाईंना, टाइम लॉर्डांना, आता हा हिशेब मिटवायचा आहे. ती मरायला तयार होते. तो तयार होत नाही. शेवटी गॅलिफ्रेवर यायचा स्फोट तो आपल्या यानात, टार्डिसमध्ये, झेलतो. सगळा प्रतिकाळ त्याच्या अंगात शिरतो. लहानपणी बडबडगीतातून ज्या बागुलबुवाची भीती घातली गेली होती, तो बागुलबुवा तोच होऊन बसतो.

आता बघा, ऐकणाऱ्याचं इथे काय येणं निघतं. एका मुलीला वाचवलं म्हणून एक भला माणूस राक्षस झाला, आणि त्या राक्षसासमोर, दार बंद असलेल्या यानात, तीच मुलगी उभी आहे. ती त्याला काय म्हणेल? तो तिला काय करेल? बाकी गॅलिफ्रे, टाइम लॉर्ड, विश्वाचा अंत हे सगळं गेलं तरी चालेल. ही दोन माणसं आणि हा एक प्रश्न, एवढी साधी उधारी होती. ती १७ महिने तुंबली, आणि तुंबली म्हणून ती मोठी झाली.

'झॅग्रियस' सुरू होते तीही तिथेच. पहिली काही मिनिटं श्वास रोखून ऐकावी अशी आहेत. मगॅन यांचा आवाज एका वाक्यात मायेचा असतो, पुढच्या वाक्यात हिंस्र. इंडिया फिशर यांची चार्ली घाबरलेली आहे, पण त्याच्यावरचा विश्वास सोडत नाही. आणि मग लेखक काय करतात? दोघांची ताटातूट करतात. डॉक्टरला यानाच्या एका कोपऱ्यात कोंडतात. तिथे तो पेटीतल्या मांजराबद्दल, 'अ‍ॅलिस'च्या नवलनगरीबद्दल, स्वतःशी आणि स्वतःच्या सावलीशी बडबडत राहतो. चार्लीला तिसरीकडेच पाठवतात, यानानं उभ्या केलेल्या खोट्या देखाव्यांत. ज्या दोघांना समोरासमोर आणण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या दोघांना चार तासांतल्या मोठ्या भागात एकमेकांचा आवाजही ऐकू येत नाही. मी हे कारागिरीचं अपयश मानत नाही. हा पळपुटेपणा आहे. प्रश्न अवघड होता, म्हणून त्याला बगल दिली.

बगल कशासाठी दिली, हे तबकडीच्या वेष्टनावरच दिसतं. 'झॅग्रियस' ही त्या मुख्य मालिकेतली ५० वी श्रुतिका. ती निघाली त्याच महिन्यात 'डॉक्टर हू'ला ४० वर्षं पूर्ण झाली. मग मांडव घालायचाच ठरलं. बार्न्स आणि गॅरी रसेल यांनी मिळून संहिता लिहिली, दिग्दर्शन रसेल यांचं. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मॅकॉय हे आधीचे तिघे डॉक्टर बोलावले. त्यांच्या एकेकाळच्या सोबतिणी आणि सोबती झालेले नट-नट्या ढिगानं बोलावले. आणि इथे तो निर्णय झाला ज्याला मी आजतागायत क्षमा केलेली नाही: या जुन्या मंडळींतल्या बहुतेकांना त्यांच्या स्वतःच्या भूमिका दिल्याच नाहीत.

पहिल्या देखाव्यात डेव्हिसन यांच्या आवाजात एक इंग्रज पाद्री आहे, शीतयुद्धाच्या काळात कुठल्याशा गुप्त प्रयोगात अडकलेला. दुसऱ्यात बेकर यांच्या आवाजात प्राचीन गॅलिफ्रेवरचा एक रक्तपिपासू सरदार. तिसऱ्यात मॅकॉय यांच्या आवाजात वॉल्टन विंकल नावाचा करमणूकनगरीचा म्हातारा मालक; वॉल्ट डिस्नी समोर ठेवून बेतलेला आहे, हे लपवलेलंही नाही.

मी लग्नाआधी सहा-सात वर्षं आकाशवाणीच्या श्रुतिकांत आवाज दिला आहे. स्वरचाचणी झाली त्या दिवशी एका ज्येष्ठ निर्मात्यानं मला बाजूला बसवून सांगितलं होतं, बाई, इथे तुला चेहरा नाही, साडी नाही, चाल नाही. आवाज हाच तुझा देह. एका श्रुतिकेत दोन बायकांचे आवाज जवळजवळचे असले तर त्यातली एक बदलायची, मग ती कितीही चांगली नटी असो. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. कोण बोलतंय हे त्याला दोन वाक्यांत कळलं नाही, तर तिसऱ्या वाक्याला तो उठून गॅसवरचं दूध बघायला जातो.

रंगमंचावर जुना नट नव्या वेशात आला तर मिशी दिसते, फेटा दिसतो, डोळा पटकन जुळवून घेतो. कानाला तशी सोय नाही. डेव्हिसन यांचा आवाज म्हणजे पाचवा डॉक्टर. हे नातं पडद्यानं बांधलं आणि चार वर्षं याच कंपनीनं तबकडीमागून तबकडी काढून घट्ट केलं. तो आवाज कानावर पडताच मन म्हणतं, आला! आणि मग कळतं, हा तो नव्हे. हा कुणी पाद्री आहे, याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. असं तीनदा होतं. त्याभोवती त्या सोबतिणी, ओळखीचे गळे, अनोळखी नावं. चार तास माझा कान ओळखीच्या दारांवर थाप मारत राहिला आणि प्रत्येक दार परक्यानं उघडलं. श्रुतिकेत ओळखीची एकच खूण असते, आणि ४० वर्षांचा सोहळा म्हणून नेमकी तीच पुसून टाकली.

यामागे युक्ती आहे, यान आपल्या आठवणीतले चेहरे वापरतं, असं समर्थन मी अनेकांकडून ऐकलं आहे. मग त्याच श्रुतिकेतला ब्रिगेडियर ऐका. निकोलस कोर्टनी यांनी पडद्यावर १९६८ पासून रंगवलेला, डॉक्टरचा जुना लष्करी मित्र. 'झॅग्रियस'मध्ये टार्डिस त्याचं रूप घेऊन चार्लीला वाट दाखवते. आवाज कोर्टनी यांचा, रूप ब्रिगेडियरचं, आतून मात्र यान. म्हणून तो आवाज ऐकताच आपण निर्धास्त होतो. तो पुढे हळूहळू बिघडतो, कडवट होतो, या मुलीपायी डॉक्टरची ही गत झाली म्हणून तिचा मत्सर करू लागतो, तेव्हा पोटात खड्डा पडतो. ओळख आधी पक्की केली आणि मग फिरवली, म्हणून घाव बसला. म्हणजे हे कसं करायचं हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. एकाच श्रुतिकेत एकदा बरोबर केलं आणि तीनदा हलगर्जी केली. अज्ञान मी पोटात घातलं असतं. ठाऊक असून केलेली हलगर्जी पोटात घालणार नाही.

जॉन पर्ट्वी यांच्याबद्दल बोलायला मला जड जातं. तिसरे डॉक्टर १९९६ मध्ये गेले. त्याआधी चाहत्यांनी बनवलेल्या 'डीव्हियस' या हौशी चित्रपटासाठी त्यांनी थोडं बोलून ठेवलं होतं. त्यातले तुकडे उचलून, यंत्रातून काढून, 'झॅग्रियस'मध्ये पेरले आहेत. हेतू आदराचा असेल. पण गेलेल्या माणसाची दुसऱ्या प्रसंगासाठी बोललेली वाक्यं घोगरी करून इथे जोडली की त्यांत श्वास उरत नाही. समोरच्याचं ऐकून माणूस जसा उत्तर देतो तसं ते बोलणं नाही. ज्याच्या आवाजाला देह म्हणायचं, त्याच्या देहाचे तुकडे मांडवाला तोरण म्हणून बांधू नयेत. त्यांच्या नावानं दोन क्षण शांतता ठेवली असती तर मी कृतज्ञ राहिले असते.

आणि ही सगळी वरात शेवटी पोचते कुठे? तिसऱ्या तबकडीत. तोवर ऐकणाऱ्याची दमछाक झालेली, आणि तिथे कथेचा खरा खलनायक पुढे येतो: रासिलॉन, टाइम लॉर्डांचा आदिपुरुष. त्याच्यासोबत येतो एक नवाच इतिहास. डायव्हर्जंट नावाची कुणी जमात होती, रासिलॉननं तिला वेगळ्या विश्वात कोंडलं, तिचा निकाल लावायला त्याला झॅग्रियस हा मारेकरी हवा आहे. हे आपण चालू भांडणाच्या मध्यात, लांबलचक खुलाशांतून ऐकायचं. म्हणजे चार्लीचं जगणं, काळाची चीर, तो न झालेला बळी, हे सगळं आता दुय्यम. दीड वर्ष जी कथा एका माणसाच्या एका दयेच्या किमतीबद्दल होती, ती एका म्हाताऱ्या हुकूमशहाच्या जुन्या भानगडीची होऊन बसते. डॉक्टरनं जे केलं त्याचा भार त्याच्या खांद्यावरून अलगद काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. मला याचीच सर्वांत जास्त चीड आहे. दया महागात पडू शकते, एवढं म्हणण्याचं धाडस 'नेव्हरलँड'मध्ये होतं. पुढच्या भागानं ते धाडस मागे घेतलं.

शिवाय डॉक्टरच्या जुन्या सोबतिणी लीला आणि रोमाना आहेत, के-नाइन हा यंत्रकुत्रा आहे. या तिघांचं प्रकरण गॅलिफ्रेवर रेंगाळतं, आणि २००४ मध्ये त्यांची 'गॅलिफ्रे' नावाची वेगळी मालिका सुरू होते. ती मालिका वाईट नव्हती. पण तिचा पाया माझ्या चार तासांत घातला गेला, याला माझी हरकत आहे.

'महत्त्वाकांक्षा तरी बघा' असं मला सुनावलं जातं. एवढे नट, एवढा आवाका, आवाजांत एवढं कुणी केलं होतं? मी माझ्या अंगणातलं उदाहरण देते. आकाशवाणी मुंबईच्या 'प्रपंच'चा पुढचा भाग म्हणजे 'पुन्हा प्रपंच'. पंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी. तीन आवाज. घराघरांत लोकांना ते नातेवाईकांसारखे वाटत, कारण पंत म्हणजे कुडतरकर यांचाच गळा आणि टेकाडे म्हणजे जोशींचाच, ही गाठ कुणी सैल केली नाही. कुणी म्हणेल, कुठे घरगुती श्रुतिका आणि कुठे विश्वाचा अंत. कानाला दोन्ही सारखेच. अंधारात बसलेल्या माणसाशी एक आवाज बोलतो आणि तो माणूस त्या आवाजावर विश्वास ठेवतो, यापलीकडे आमच्या धंद्यात भांडवल नाही. पन्नास आवाज गोळा केले म्हणून ते वाढत नाही.

दुसरं समर्थन असं की 'झॅग्रियस' दोन-तीनदा ऐकायची असते, मग उलगडते. मी ती चारदा ऐकली. उलगडते, हे खरं आहे. कुठला देखावा कशासाठी होता, कोणत्या पात्राचा धागा कुठे जोडला, सगळं कळतं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. 'चाइम्स ऑफ मिडनाइट' मला पहिल्याच खेपेला लागली, कळली मात्र हळूहळू. मला तो क्रम हवा.

आणि माझा राग पोकळ नाही याचा पुरावा महिन्याभरातच आला, डिसेंबर २००३ मध्ये. 'झॅग्रियस'च्या शेवटी, अंगात ते विष घेऊन डॉक्टर आपलं विश्व सोडून दुसऱ्या, काळच नसलेल्या विश्वात निघून जातो, आणि चार्ली त्याला न सांगता यानात लपून त्याच्याबरोबर जाते. पुढची श्रुतिका 'स्केर्त्सो', लेखक पुन्हा शिअरमन. तिच्यात आवाज दोनच: मगॅन आणि फिशर. यान नाही, टाइम लॉर्ड नाहीत, दिसायला काही नाही. काचेसारख्या एका पोकळ वाटेवर दोन माणसं एकमेकांचा हात धरून चालत राहतात, आणि त्यांच्या बोलण्यातूनच ध्वनीचं बनलेलं काहीतरी जन्माला येऊन बोलायला शिकतं. चालता चालता ते दोघं भांडतात. तू का आलीस? मी तुझ्यासाठी मरायला निघालो होतो, तू ते फुकट घालवलंस. मी तुला वाचवलं म्हणून तू माझी आहेस का? हे माझे शब्द आहेत, त्यांचे नव्हेत, पण भांडण याच मुद्द्यांवरचं आहे. जी उधारी चार तासांत आणि एवढ्या गर्दीत फिटली नाही, ती दोन गळ्यांनी फेडायला घेतली. स्टुडिओ होता, नट होते, लेखकही हाताशी होता. कमतरता कशाचीच नव्हती.

त्यानंतर २००४ चं अख्खं वर्ष ते त्या काळ नसलेल्या विश्वात भटकत राहिले. काळातून प्रवास करणाऱ्याच्या कथेतून काळ काढून घेतला, यान काढून घेतलं. त्यातल्या दोन-तीन श्रुतिका सोडल्या तर मला फारसं काही आठवत नाही.

१४ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या पन्नाशीनिमित्त, बीबीसीनं 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हा सात मिनिटांचा लघुपट दाखवला. मगॅन सतरा वर्षांनी पडद्यावर डॉक्टर म्हणून आले, मरायला. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या सोबत्यांची नावं घेतली. ती सगळी श्रुतिकांतलीच, आणि पहिलं नाव चार्लीचं. पुण्यात, मध्यरात्र उलटल्यावर, लॅपटॉपसमोर मी रडले. एका नावात तिचं आर-१०१ वर चढणं होतं, तिचं मरायला तयार होणं होतं, ते काचेच्या वाटेवरचं भांडण होतं. त्या रडण्यात 'झॅग्रियस'चा एक क्षणही नव्हता.

माझी भाची आता या श्रुतिका ऐकू लागली आहे. तिला मी क्रम लिहून दिला आहे: 'स्टॉर्म वॉर्निंग', 'चाइम्स ऑफ मिडनाइट', 'नेव्हरलँड', आणि मग थेट 'स्केर्त्सो'. मधे काय झालं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, डॉक्टर सगळ्यांना सोडून एकटाच निघाला होता आणि चार्ली लपून मागे गेली. तिला तेवढं पुरलं. तिनं इअरफोन लावले आणि डोळे मिटले.